लेडीज बॅच दुपारचीच का?

निघोजे गावाला नदी आहे, पण पोहणारे उरले नाहीत. देहूहून आळंदीकडे जाणारी इंद्रायणी आमच्या गावाला खेटून वाहते. तुकोबांच्या गाथा याच नदीत तरल्या, ही कथा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आज त्याच नदीत पाय घालायचा तर आधी पाण्याचा रंग बघावा लागतो. कधी जलपर्णी, कधी वास, आणि खाली आळंदीच्या घाटावर तो पांढरा फेस, ज्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. शिवारात विहिरी होत्या, त्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या शेडखाली आणि चाळींच्या पायाखाली गेल्या. फोक्सवॅगन आणि महिंद्राच्या इथल्या कारखान्यांच्या पत्त्यात निघोजे हे नाव आहे, म्हणजे गावाचं नाव जर्मनीपर्यंत पोचलं. गावातल्या पोरांना पोहायला शिकवणारी विहीर मात्र राहिली नाही.

विहीर होती तेव्हा तरी कोण शिकत होतं? माझं माहेर जुन्नरकडचं. तिथे पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून मामा-काका पोरांना विहिरीत ढकलायचे. आठ दिवसांत डबा सुटायचा, महिनाभरात पोरगा काठावरून मुटका मारायचा, उन्हाळा संपेपर्यंत तळ काढून मूठभर चिखल वर आणायचा. मुली काठावर. कुणी धुणं धुतंय, कुणी भावाचे कपडे सांभाळतंय. यात हिंदू-मुसलमान असा काही फरक नव्हता. पाटलांची मुलगी आणि तांबोळ्यांची मुलगी एकाच पायरीवर बसून भावांचा खेळ बघायच्या. म्हणून ‘मुस्लिम बायका पोहत नाहीत’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, तुमच्या घरात आजी पोहायची का? आई पोहते का? मग बोलणाराच गप्प होतो.

आज चाकण पट्ट्यात राहणारी आमची माणसं कुठून कुठून आलेली आहेत. बीड, लातूर, जालना, खानदेश, शिवाय बिहार आणि उत्तर प्रदेश. कित्येकींच्या लेखी पाणी म्हणजे टँकरचं पाणी. वाहती नदी पहिल्यांदा इथेच बघितली, धबधबा पहिल्यांदा लोणावळ्याला. पहिला पाऊस झाला की रविवारी सगळं घर गाडी करून निघतं. भुशी धरण, कुंडमळा, पवना. पाण्याची ओढ दुष्काळी मुलखातल्या माणसाला जास्त असते, हे मी शाळेतल्या निबंधांतूनही बघते. ‘मी पाहिलेला पाऊस’ या विषयावर सगळ्यात लांब निबंध जालन्याकडची मुलं लिहितात.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरच्या सय्यदनगरमधलं एक कुटुंब वाहून गेलं. एक स्त्री आणि चार मुलं. त्याचा व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला, अनेकांनी पुढेही पाठवला. मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली माणसं, आणि दोन्ही काठांवर ओरडणारे लोक. त्या लोंढ्यात पट्टीचा पोहणाराही टिकला नसता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोहायला येत असतं तर ते वाचले असते, असं म्हणणं म्हणजे गेलेल्यांवरच दोष टाकणं होईल. पण पाण्यात रोज उतरणाऱ्या माणसाला एक वेगळी समज येते. वर ढग दाटले की खालचं घोटाभर पाणी दहा मिनिटांत कमरेपर्यंत येतं, गढूळ झालेलं पाणी म्हणजे वरून लोंढा येतोय, शेवाळलेल्या खडकावर मूल कडेवर घेऊन उभं राहायचं नसतं. ही समज विहिरीवरच्या मामा-काकांकडे होती. आपण गाव सोडलं तेव्हा ती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात जे बोललं गेलं ते मी ऐकलं. बुडून मरणाऱ्याला शहिदाचा दर्जा मिळतो, असं आपल्याकडे तसल्ली देताना सांगतात. हदीसचा आधार आहे, आणि ज्यांच्या घरातली पाच माणसं एका दुपारी गेली त्यांना हा आधार लागतोच. पण ती तसल्ली मागे राहिलेल्यांसाठी आहे. पुढच्या पावसाळ्याची तयारी म्हणून ती चालत नाही.

आणि तयारीचं म्हणाल तर दीन आपल्या बाजूने उभा आहे. मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असा सल्ला हजरत उमर यांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. ज्या मोजक्या गोष्टी वेळ वाया घालवणारा खेळ ठरत नाहीत, त्यात पोहायला शिकणं धरलं आहे, अशी एक हदीसही आहे. जुम्म्याच्या बयानात तिरंदाजी आणि घोडा येतो, शौर्याच्या गोष्टीत दोन्ही शोभून दिसतात. पोहणं घाईत उरकलं जातं. घोडा आज कुणाच्या दारात नाही, तिरंदाजी कुणाला करायची नाही, नदी मात्र गावाशेजारी आहे.

भाषा शिकवणारी म्हणून एक गंमत सांगते. मराठीत पाण्याशी संबंधित किती शब्द आपल्या बाजूने आले ते मोजून बघा. गोता अरबी. हौद मूळचा हौज़. खलाशी तिकडचाच. दर्या, बंदर फारसी. ज्याला आपण अभिमानाने दर्यावर्दी म्हणतो तोही फारसीतून आलेला. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, राजिवड्यात दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आले. मराठीला पाण्याचे शब्द देणाऱ्यांनी घाटावर येऊन पाण्याशी काडीमोड घेतला, असंच म्हणायचं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मुलांच्या पोहण्यावर थोडंफार बोललं जातं, उन्हाळी शिबिरं भरतात. मोठ्या माणसांच्या पोहण्यावर कुणी बोलत नाही. पोहणं लहानपणीच शिकायची गोष्ट, वय गेलं की गेलं, अशी पक्की समजूत आहे. ही समजूत खोटी आहे याचा पुरावा दूर कुठे शोधायला नको, तो पुण्यातच आहे.

मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरकडचे. सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. पोहणं त्यांच्याकडे उपचार म्हणून आलं, पदकाचा विचार नंतरचा. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्ग इथल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. नंतर त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. म्हणजे आपल्याच औद्योगिक पट्ट्यातला कामगार. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, आणि ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा २०२४ला आला तेव्हा कुठे पोरांना नाव कळलं. मी वर्गात त्यांची गोष्ट सांगते तेव्हा मुलं गोळ्यांबद्दल विचारतात. मला मात्र त्यातला तो दवाखान्याचा तलाव महत्त्वाचा वाटतो. मोठ्या वयाचा, पाय न चालणारा माणूस पाण्यात सोडला तर पाणी त्याला उचलून धरतं.

दुसरं नाव शम्स आलम. बिहारच्या मधुबनीकडचा मुलगा, मुंबईत वाढला, कराटे खेळायचा. पाठीच्या कण्यात गाठ निघाली, शस्त्रक्रियेनंतर पाय गेले. पुन्हा पाण्यात उतरला तो याच कारणाने, उपचार म्हणून. २०१७ साली गोव्याच्या समुद्रात तो ८ किलोमीटर पोहला, चार तासांहून थोडा जास्त वेळ, फक्त हातांच्या जोरावर. आपल्या मोहल्ल्यात क्रिकेटपटूंची नावं पाठ असतात. हे नाव मी विचारलं तेव्हा एकालाही माहीत नव्हतं. पुण्याच्या रोहन मोरेचंही तसंच. इंग्लिश खाडीसह जगातल्या सात अवघड सामुद्रधुनी पोहून पार करण्याचं आव्हान त्याने फेब्रुवारी २०१८मध्ये न्यूझीलंडची कूक सामुद्रधुनी पोहून पूर्ण केलं. असं करणारा तो पहिला आशियाई. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावरचा माणूस.

हे सगळं सांगून मी कुणाला इंग्लिश खाडीत ढकलत नाही. मी चाळिशी ओलांडल्यावर नदीपलीकडच्या एका पालिकेच्या टँकवर शिकायला लागले, तेव्हा माझ्यापुढे तीन फूट पाणीच समुद्राएवढं होतं. मोठ्या माणसाला शिकवणं वेगळं असतं, ते लहानांच्या बॅचमध्ये उरकता येत नाही. मुलाला भीती नसते, म्हणून ते अंग सैल सोडतं आणि तरंगतं. मोठं माणूस मान ताठ करून डोकं वर काढायला बघतं. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, कंबरेमागे पाय, आणि मग बुडाल्यासारखं वाटून माणूस आणखी डोकं वर काढतं. सगळं कोडं एवढंच आहे. उत्तर असं की चेहरा पाण्यात घालायचा आणि श्वास पाण्यात सोडायचा, फुगे काढत. तोंड बाजूला वळवून फक्त घ्यायचा. पहिला आठवडा दांडा धरून पाय मारणं आणि फुगे, दुसरा आठवडा भिंतीला पाय देऊन बाणासारखं सरकणं. हात मारायला त्यानंतर शिकवलं तर ते टिकतं. आमच्या बॅचच्या बाई शिकवायच्या तसं. त्या आधी तासभर तरंगायलाच लावायच्या, आणि कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, पाण्यावर झोपता येत नाही तोवर चालायचं नाव काढू नका.

नाकात पाणी जाण्याची सगळ्यांनाच धास्ती असते. आमच्यातल्या दोघी-तिघी यात जरा पुढे होत्या. दिवसातून पाच वेळा वुज़ू करताना नाकात पाणी घेऊन शिंकरायची सवय असेल तर टँकचं पाणी त्यामानाने परवडतं, क्लोरीनचा वास सोडला तर. रमज़ानचा महिना मात्र सुट्टी. रोज्यात घोटभर पाणी पोटात जाण्याचा धोका कुणी घेत नाही.

बॅचमधल्या बायका कोण? कारखान्यात आठ-आठ तास लाइनवर उभं राहून काम करणाऱ्या, शिक्षिका, नर्स, शिलाई मशीनवर पाठ वाकलेल्या. गुडघे आणि कंबर हीच बहुतेकींची तक्रार. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवर शरीराचा सुमारे एक तृतीयांशच भार येतो. डॉक्टर चालायला सांगतात, पण चालायचं कुठे? चाकण-तळेगाव रस्त्यावर, कंटेनरच्या रांगेत? पाण्यात चाललं तरी व्यायाम होतो. २५ मीटरच्या तलावात ४० फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. सुरुवातीला एक फेरी होत नाही. चौथी पूर्ण होते त्या दिवशी माणूस घरी जाऊन उगाच सगळ्यांशी चांगलं वागतं.

कपड्यांचा प्रश्न आला की आमचे लोक आणि टँकवाले दोघंही घाईने हात वर करतात. दोघांशीही माझं भांडण आहे. आमच्या लोकांना सांगते की लेडीज बॅचमध्ये फक्त बायका असतात, आणि बायकांनी बायकांसमोर किती झाकावं याबद्दल बहुतेक फुकहांचं मत तुमच्या समजापेक्षा बरंच मोकळं आहे. कुठल्याही आलिमांना विचारून घ्या. पुरुषांचा सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, हे मदरशातल्या पोरालाही माहीत असतं. जागतिक जलतरण संघटनेचा नियमही ऐका. स्पर्धेतल्या पुरुषाचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. म्हणजे आपल्या मुलाने गुडघ्यापर्यंतचा जॅमर घालून ऑलिंपिकमध्ये पोहायचं ठरवलं तर सतरही सांभाळला जातो आणि नियमही.

टँकवाल्यांना सांगते की सुती कपडे आणि दुपट्टे पाण्यात नकोत, हे मान्य. सूत पाणी पितं, जड होतं, धागे गाळणीत अडकतात, आणि बुडणाऱ्याच्या गळ्यात दुपट्टा अडकू शकतो. पण हातापायापर्यंतचा नायलॉन-लायक्राचा पोशाख आणि आखूड पोशाख यांचं कापड एकच. एक स्वच्छ आणि दुसरा अस्वच्छ कसा? आमच्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त बायका पूर्ण बाह्यांचा कॉस्च्युम घालतात, आणि त्यातल्या बहुतेक हिंदू आहेत. कुणाला उन्हाने काळं पडायचं नाही, कुणाला मांड्या दाखवायला आवडत नाहीत, कुणाच्या सासूला. त्याला कुणी बुर्किनी म्हणत नाही. तोच पोशाख मी घातला की त्याला नाव मिळतं.

ते नाव आलं ऑस्ट्रेलियातून. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या अहेदा ज़नेटी या बाईने साधारण वीस वर्षांपूर्वी हा पोशाख तयार केला, मुलींना खेळता यावं म्हणून. २०१६च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कित्येक गावांनी त्यावर बंदी घातली. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये एका गावाची बंदी रोखली, आणि २०२२मध्ये ग्रेनोबल शहराने आपल्या तलावांत परवानगी दिली तर त्याच न्यायालयाने तीही रोखली. त्या भांडणात पोहण्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. झाकलेल्या अंगाने नीट पोहता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी २००९ आठवावं. रोमच्या जागतिक स्पर्धेत खांद्यापासून घोट्यापर्यंतचे खास सूट घालून जलतरणपटूंनी ४३ विश्वविक्रम मोडले. शेवटी २०१०पासून ते सूट बंद करावे लागले, कारण त्यांत माणूस जरा जास्तच वेगाने पोहायचा.

पाण्यात कोणी उतरायचं यावर माणसं फार पूर्वीपासून पहारा देत आली आहेत, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. मुंबईतला ब्रीच कँडीचा तलाव देश स्वतंत्र झाल्यावरही बरीच वर्षं गोऱ्यांचाच होता. गिरगाव चौपाटीजवळच्या मफतलाल तलावाच्या नावातच ‘हिंदू स्विमिंग बाथ’ आहे. आणि २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा केवढं काहूर माजलं. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा आपली जमीन दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. पाण्याच्या बाबतीत दार उघडणाऱ्यांच्या बाजूला आपलं एक नाव आहे. मग आपल्याच घरातल्या बाईला आपण काठावर का बसवायचं?

पण खरा अडथळा मला दीनात दिसला नाही, कपड्यांतही नाही. तो घड्याळात दिसला. पहाटेच्या बॅच पुरुषांच्या, संध्याकाळच्या बॅच पुरुषांच्या किंवा सगळ्यांच्या. लेडीज बॅच दुपारी. हे वेळापत्रक ज्याने केलं त्याच्या डोळ्यांपुढे दुपारी जेवण उरकून मोकळी झालेली गृहिणी होती. चाकण पट्ट्यात ती बाई आता कुठे आहे? दुपारी ती लाइनवर उभी असते, वर्गात असते, पाळणाघरात दुसऱ्यांची मुलं सांभाळत असते. मी स्वतः ही बॅच सुट्टीच्या महिन्यांत आणि सकाळच्या शाळेच्या दिवसांतच गाठू शकले. फर्स्ट शिफ्ट करणाऱ्या बाईला ती कधीच गाठता येणार नाही. मग टँकवर उत्तर मिळतं, ‘बायकांचा प्रतिसाद कमी आहे.’ अर्थात कमी असणार. बंद दुकानाला गिऱ्हाईक कमीच असतं. संध्याकाळी साडेसहाची एक बॅच आठवड्यातून तीन दिवस फक्त बायकांना द्या, जीवरक्षक बाई ठेवा, आणि मग मोजा. जीवरक्षक म्हणून काठावर पुरुष उभा राहिला की ती बॅच फक्त नावाची लेडीज उरते. हे बुरखा घालणारीलाच खटकतं असं नाही. पोहण्यात तयार झालेल्या मुलींना ही नोकरी देता येते, प्रशिक्षण घेऊन.

कुणी म्हणेल, चला, जीव वाचवण्यापुरतं शिका, हे स्पर्धांचं काय मध्येच? मला वाटतं स्पर्धेशिवाय मोठी माणसं टिकत नाहीत. तीन महिन्यांत फेऱ्या मोजायचा कंटाळा येतो. जगभर यावर एक सुंदर तोड काढली आहे, मास्टर्स स्पर्धा. पंचवीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकासाठी, पाच-पाच वर्षांचे गट. पंचेचाळीशीच्या बाईची शर्यत पंचेचाळीस ते एकोणपन्नासच्या बायकांशी. रिलेमध्ये तर चौघींच्या वयांची बेरीज करून गट ठरतो, म्हणजे संघात एक म्हातारी असली तर तिचा भाव वाढतो. अशा जागतिक स्पर्धा १९८६ला टोकियोत सुरू झाल्या. आपल्याकडे खेळ म्हणजे दहावीच्या आधीची आणि मार्कांपुरती गोष्ट, बाकी आयुष्यभर टीव्हीवर बघायची. मोठ्यांसाठी वयाचा गट असतो हेच कुणाला माहीत नसतं.

आणि समुद्र! मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. अर्ध्या किलोमीटरपासून दहा किलोमीटरपर्यंत अंतरं, शाळकरी मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत गट. मुंबईत गेटवेपर्यंतच्या शर्यती आहेत, संक रॉक दीपगृहापासून पाच किलोमीटर. गोव्यात २०१९पासून जी आयर्नमॅन शर्यत होते तिच्यात आधी १.९ किलोमीटर समुद्र पोहावा लागतो, आणि पुण्या-पिंपरीतले इंजिनिअर त्यासाठी वर्षभर घाम गाळतात. समुद्रात टँकसारखी तळाला काळी रेघ नसते, मध्ये टेकायला भिंत नसते. दर काही हातांनी डोकं उचलून बोया कुठे आहे ते बघावं लागतं, नाहीतर माणूस तिरका जातो. खारं पाणी जास्त उचलून धरतं, हा फायदा. भरती-ओहोटी, लाटा आणि जेलीफिश, हे बाकीचं. आणि एकट्याने उतरायचं नसतं. पवना धरणाच्या बॅकवॉटरमध्ये रविवारी ‘सराव’ म्हणून उतरणाऱ्या आमच्या पोरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. स्पर्धेत होड्या असतात, जीवरक्षक असतात, डोक्यावर रंगीत टोपी असते ती काठावरून दिसावी म्हणून.

आमच्या बॅचमधली एक, नाव सांगत नाही, वय एकोणपन्नास, नातवंडं आहेत, चिवल्याच्या अर्ध्या किलोमीटरची तयारी करते आहे. तिच्या मुलाने आधी विचारलं, अम्मी, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, तू विचारलंस तेवढंच म्हणतील.

राहिला पैशांचा प्रश्न. पालिकेचा टँक खासगी क्लबच्या मानाने स्वस्त आहे, पण निघोजे पालिकेत नाही, नदीच्या अलीकडे आहे. पलीकडे जायचं म्हणजे अवजड वाहनांमधून रिक्षा, आणि परतताना अंधार. कारखाने मात्र अलीकडेच आहेत. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. पोहणं ऑलिंपिक खेळ आहे. झाडं लावून आणि दप्तरं वाटून झाली असतील तर गावाने एक तलाव मागायला काय हरकत आहे? मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि आपल्या वस्तीची मागणी बहुतेक वेळा कब्रस्तानाच्या भिंतीपाशीच थांबते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा महाराष्ट्रात नियम आहे. पुढच्या महिला सभेसाठी आम्ही एक अर्ज तयार केला आहे. २५ मीटर लांबी, एका टोकाला तीन फूट खोली मोठ्या माणसांना शिकण्यासाठी, पाणी शुद्ध करणारी नीट यंत्रणा आणि ती सांभाळणारा जाणकार माणूस, बाई प्रशिक्षक, बाई जीवरक्षक, संध्याकाळची बॅच. अर्ज मराठीत आहे. सह्यांमध्ये शिंदे, गायकवाड, शेख, पठाण, यादव सगळ्या आहेत. काहींचे अंगठे आहेत.

सह्या घेत फिरताना एका घरी भाभी आत सही करत होत्या आणि त्यांचे मिस्टर, नुकतेच नाइट शिफ्टहून आलेले, दारात बूट काढत होते. त्यांनी अर्ज हातात घेतला, खालपासून वरपर्यंत वाचला आणि बायको आत गेल्यावर हळूच म्हणाले, “बाजी, यात मोठ्या पुरुषांची पण एक शिकाऊ बॅच लिहा ना. सकाळी आठची. आमच्या लाइनवर कुणालाच येत नाही, पण कुणी बोलत नाही.” मी तिथेच पेनने ती ओळ वाढवली.